इंटरनेट केबल समुद्रप्रवाह ‘आपोआप’ मोजत नाही

सध्या एक दावा जोरात फिरतोय: समुद्रतळावरच्या इंटरनेट केबलमधला प्रकाश प्रवाह आपोआप मोजतो, त्यामुळे जहाजांची गरज उरलेली नाही, मुंबईत वर्सोव्याला उतरणाऱ्या केबल्सना एक डबा जोडला की मान्सूनचे प्रवाहही कळतील. केबलने प्रवाह मोजता येतो, एवढंच यात खरं आहे.

आधी प्रकाशाचं. फ्लोरिडा आणि बहामाच्या मधल्या सामुद्रधुनीत 1982 मध्ये टेलिफोन केबल्सवर ही मोजणी सुरू झाली आणि तिथे मोजलं ते व्होल्टेज. खारं पाणी वीजवाहक असतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ते वाहिलं की प्रवाहाच्या आडव्या दिशेने व्होल्टेज तयार होतं. केबलमधली तांब्याची तार फक्त दोन किनारे जोडते. हिशेब साधा आहे: वेग सेकंदाला अर्धा मीटर, चुंबकीय क्षेत्राचा उभा घटक सुमारे 40 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे क्षेत्राच्या जोराचं एकक), रुंदी 80 किलोमीटर, गुणाकार 1.6 व्होल्ट. समुद्रतळ स्वतः थोडी वीज वाहतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं. (फायबरमधल्या प्रकाशाने कंपनं टिपतात ते तंत्र वेगळं, त्यात तंतूवरचा ताण मोजला जातो.) आधुनिक केबलमध्येही तांबं असतं, पण त्यातून रिपीटर्सना (वाटेत सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणांना) हजारो व्होल्टचा पुरवठा जातो. त्यात एखाद्या व्होल्टची चढउतार शोधायची, तर ‘एक डबा’ पुरत नाही.

‘जहाजं नकोत’ हा भाग तर सगळ्यात कच्चा. व्होल्टचं पाण्याच्या प्रमाणात रूपांतर करायला गुणक लागतो आणि तो जहाजातूनच मिळतो. सामुद्रधुनीत ठरलेल्या ठिकाणी उपकरण सोडतात. ते तळाला टेकतं, वजन टाकतं, वर येतं. कुठे सोडलं, कुठे वर आलं आणि किती वेळ लागला, यावरून वरपासून तळापर्यंतचा सरासरी वेग निघतो. असे वेग जोडून एकूण प्रवाह काढतात: सेकंदाला सरासरी 3.2 कोटी घनमीटर. केबल हा एकच एकत्रित आकडा देते. कोणत्या खोलीवर किती वाहतंय हे सांगत नाही.

शिवाय व्होल्टेजमध्ये बाहेरच्या गोष्टी मिसळतात. चुंबकीय वादळं आणि भरती-ओहोटी वजा करावी लागतात. इलेक्ट्रोडचं, म्हणजे पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या टोकाचं, स्वतःचं व्होल्टेज सरकतं. 1832 मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीवर हाच प्रयोग केला, तेव्हा इलेक्ट्रोडच्या गोंधळातच खरा संकेत हरवला होता. पृथ्वीचं क्षेत्रही स्थिर नाही. फ्लोरिडाजवळ ते क्षीण होत गेलं आणि प्रवाह तेवढाच असूनही व्होल्ट घटले. 2024 मध्ये ही दुरुस्ती लावल्यावर नोंदीत दिसणारी घट बहुतेक नाहीशी झाली.

आता वर्सोवा. केबल फक्त तिला आडव्या जाणाऱ्या प्रवाहाची बेरीज करते. पश्चिमेला शेकडो किलोमीटर जाणाऱ्या केबलवर किनाऱ्यालगतचा पावसाळ्यातला दक्षिणवाही प्रवाह आणि खोल समुद्रातले उलटसुलट भोवरे एकमेकांना खोडतात. त्यात मुंबईजवळ क्षेत्राचा उभा घटक फ्लोरिडाच्या साधारण निम्मा आहे. दक्षिणेला तो आणखी घटत जातो आणि चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथे तो शून्य होतो, म्हणजे प्रवाह कितीही जोरात असला तरी या पद्धतीने मोजायला काही उरत नाही.