‘आरसीएस ताबडतोब बंद करा’ म्हणे!

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. (आरसीएस म्हणजे साध्या एसएमएसची सुधारलेली, इंटरनेटवरून चालणारी आवृत्ती.) काल मावशीचा फोन आला, “अरे, ती सेटिंग बंद केली मी, आता खालची फाईल कशी टाकायची ते सांग,” तेव्हा मात्र डोकं फिरलं. तिला फोनवर थांबवलं. पण हा मेसेज आणखी किती जणींच्या मावश्यांकडे पोचला असेल देव जाणे, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आयफोन आणि अँड्रॉइड आता एक झालेत, युरोपने कायदा केल्यामुळे व्हॉट्सॲपवरचं बोलणं बाकीच्या ॲपना वाचता येणार, आयफोन-अँड्रॉइडमध्ये मेसेज करू नका असं एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या तपास संस्थेने, बजावलंय, हिरवा बुडबुडा दिसला की ओटीपी चोरीला गेलाच समजा. म्हणून आरसीएस बंद करा, सोबतची ‘सुरक्षा’ फाईल टाका आणि पंधरा जणांना पाठवा.

शेपटापासूनच धरतो, कारण विष तिथे आहे. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे. म्हणजे प्ले स्टोअरला बगल देऊन थेट फोनमध्ये शिरणारं ॲप. ते टाकायला गेलं की फोन स्वतःच अडवतो: अनोळखी ठिकाणाहून आलंय, परवानगी देणार का? मेसेजवाल्याने त्यावरही तोडगा लिहून ठेवलाय, ‘अलाऊ दाबा, घाबरू नका’. अशा ॲपची पुढची मागणी ठरलेली असते, एसएमएस वाचायची परवानगी. मेसेजचं रक्षण करायला आलेल्याला तुमचे मेसेज वाचायचे कशाला असतात? ती परवानगी दिली की ओटीपी तुम्ही चष्मा शोधेपर्यंत तिसरीकडे पोचलेला असतो. मग कुठलंही एन्क्रिप्शन (मेसेज वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून केलेलं सांकेतिक रूपांतर) कामाचं नाही, कारण एन्क्रिप्शन वाटेतल्या चोरासाठी असतं. इथे तुम्ही दाराला कुलूप लावून चोराला माजघरात बसवलेलं असतं. अशा फाईली याआधी लग्नपत्रिका म्हणून आल्या, ट्रॅफिकचं चलान म्हणून आल्या. माल तोच, वेष्टन नवं.

शिवाय ओटीपी वाचवायला आरसीएस बंद करायचं हा शुद्ध बावळटपणा. आपल्याकडे बँकांचे ओटीपी मुख्यतः साध्या एसएमएसने येतात. आरसीएस चालू असो की बंद, ते त्याच वाटेने येणार.

मावशी भुलली ती ‘एफबीआय’ या नावाला. त्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. चिनी हॅकर अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यात शिरल्याचं 2024 मध्ये उघड झालं, आणि वर्षाअखेरीस एफबीआय व तिथली सायबर सुरक्षा संस्था सिसा या दोघांनी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येतो, मधल्या कंपनीलाही नाही) असलेली ॲप वापरा असं सांगितलं. ॲपलने सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 बरोबर आरसीएस आणलं तेव्हा आयफोन-अँड्रॉइड मेसेजना ते संरक्षण नव्हतं, हेही खरं.

पण सिसाचं डिसेंबर 2024 चं मार्गदर्शन कुणी उघडून तरी बघितलंय का? अँड्रॉइडवाल्यांना त्यात सांगितलंय की एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू असेल तरच आरसीएस वापरा. आयफोनवाल्यांना सांगितलंय की आयमेसेज (ॲपलची स्वतःची मेसेज सेवा) गेला नाही तर तो साधा टेक्स्ट म्हणून पाठवायचा पर्याय बंद ठेवा. दोन्हीचा रोख एकच, एसएमएसपासून लांब राहा, कारण त्याला हे संरक्षण नसतं. आणि आपला फॉरवर्ड काय करायला सांगतो? आरसीएस बंद करा. मग मेसेज जाणार कशाने? एसएमएसनेच!

गुगल मेसेजेसमध्ये (अँड्रॉइडवरचं मेसेजचं ॲप) पाठवायच्या बटणापाशी छोटं कुलूप दिसतं. ते असेल तर लिहा, नसेल तर खासगी काही लिहू नका. इतकं साधं आहे ते. मार्च 2025 मध्ये मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, जीएसएमएने, आरसीएसच्या मानकातच हे एन्क्रिप्शन घातलं आणि ॲपलनेही ते आणायचं कबूल केलं. पण मानक कागदावर ठरल्यापासून प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरेपर्यंत वेळ जातोच, म्हणून कुलूप बघायची सवय बरी.

युरोपचा कायदा. नाव डिजिटल मार्केट्स ॲक्ट, कलम 7. मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मागणी करणाऱ्या दुसऱ्या सेवांना जोडून घ्यावं, पण एंड-टू-एंड एन्क्रिप्शनसह सुरक्षेची पातळी तीच राहिली पाहिजे, आणि हे वापरायचं की नाही ते वापरणाऱ्याने ठरवायचं, असं ते कलम सांगतं. म्हणजे मेसेजच्या बरोबर उलट. त्यानुसार व्हॉट्सॲपने नोव्हेंबर 2025 मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट ही दोन ॲप जोडत असल्याचं जाहीर केलं, तेही फक्त युरोपात. मावशीची लेक डब्लिनला असते म्हणून ती जास्तच घाबरली. पण तिकडेही स्वतः चालू केल्याशिवाय ते चालू होत नाही. आणि मायलेकी रोज बोलतात व्हॉट्सॲपवर, आरसीएसचा त्यात संबंधच नाही!

हिरव्या-निळ्याचं काय सांगायचं. आयफोनवर आयमेसेज निळा, बाकी सगळं हिरवं, मग तो एसएमएस असो की आरसीएस. ओटीपीच्या चोरीशी त्या रंगाचा काडीचा संबंध नाही, आणि मावशीच्या अँड्रॉइडवर तर हा भेदच नाही.

‘दोन्ही कंपन्या एक झाल्या’ यावर फक्त हसायचं. आईला व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत, अशी तक्रार 2022 मध्ये एकाने भर कार्यक्रमात केली, तर ॲपलचे टिम कुक म्हणाले, आईला आयफोन घेऊन दे. ही यांची एकी.

आरसीएसवर जाहिरातींचा वैताग होता, तो मात्र खरा. इतका की 2022 मध्ये गुगलला भारतात त्या थांबवाव्या लागल्या होत्या. त्या कारणाने कुणाला बंद करायचं असेल तर खुशाल करा.

आणि ती फाईल टाकून बसला असाल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार नोंदवा. ॲप काढायचं ते नंतर.