११ इंची सागाच्या फळीचा पीळ: वागळे इस्टेटच्या दुकानातून उत्तर

नमस्कार. '१३ इंची थिकनेसर घेतला, ११ इंची सागाची फळी वाकडी घातली, वाकडीच बाहेर आली, दुकानदाराने गंडवलं,' असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. फळीचा एक कोपरा टेबलापासून चांगला बोटभर वर आहे. हा पीळ, आणि तो काढणं थिकनेसरचं, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनचं, काम नाही. आतले रोलर फळीला बेडवर, म्हणजे मशीनच्या खालच्या सपाट पाट्यावर, दाबून धरतात, तेवढ्यापुरती ती सरळ होते, वरून पत्ती फिरते. रोलरमधून सुटली की पुन्हा मूळ पिळावर. जाडी मात्र सगळीकडे सारखी! आधी एक बाजू सरफेस प्लेनरवर नाहीतर हातरंध्याने सपाट करावी लागते. मशीन चांगलं आहे, पण हे विकतानाच सांगायला हवं होतं. आमच्या मुलाने फळी किती रुंद एवढंच विचारलं, सरळ आहे का ते नाही. चूक आमची.

'मग रुंद फळी सपाट करणारं छोटं, स्वस्त मशीन का ठेवत नाही?' अहो, मीही तेच शोधतोय. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत काम करणारं कुणी ना कुणी हेच विचारत येतं. टेबलावर बसणारे बहुतेक सरफेस प्लेनर ६-८ इंचांचे. १२ इंची घ्यायचा तर बिडाचं लांब टेबल, २०० किलोच्या वर वजन, बहुधा थ्री फेज वीजजोडणी. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो चढवलात तर सेक्रेटरी आधी तुम्हालाच रंधा मारेल. फळी उभी चिरून, सपाट करून पुन्हा जोडा, असं सुतार सांगतील. पण एवढा रुंद साग चिरवत नाही, हे मलाही कळतं.

तुमच्याच मशीनवर हे जमतं. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून फळीपेक्षा थोडा लांब तक्ता करा. फळी वर ठेवा, जिथे डुगडुगते तिथे खाली पाचरी सारून ग्लू गनने पक्क्या करा. पुढच्या टोकाला फळीपेक्षा बुटकी पट्टी ठोका, नाहीतर फळी पुढे जाईल आणि तक्ता मागे राहील. तक्त्यासकट आत घाला, एका वेळी अर्धा मिलिमीटर. वरची बाजू सपाट झाली की तक्ता काढून फळी उलटी घाला.

शनिवारी फळी घेऊन या, पहिला तक्ता आम्ही करून देऊ, पैसे नकोत. तरी पटलं नाही तर मशीन परत घेतो, पत्ती वापरलेली असली तरी. तोवर फळी भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळी हवा आहे, खाली पट्ट्या घालून आडवी ठेवा.