पाहुण्यांसमोर मान खाली घालायला लावली

एका खुर्चीचे 1,500 रुपये. सात खुर्च्यांचे 10,500. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल आहे. म्हणजे सव्वा क्विंटलहून जास्त कापूस मी एका रात्रीसाठी फुटबॉल सामन्यांच्या या आयोजकांच्या दारात ओतला. कशासाठी? व्हीआयपी कक्षासाठी!

आमच्या तालुक्याला फुटबॉलचे रात्रीचे सामने होते. माझं कृषी केंद्र आहे. वर्षभर बियाणं-खत माझ्याकडूनच नेणारे सहा शेतकरी मी बोलावले. वेचणी चालू असताना, मजूर वावरात सोडून, धुतलेले कपडे घालून माणसं आली. पावतीवर छापलं होतं: पहिल्या रांगेत सोफा, गरम जेवण, पाणी, गाडीला वेगळी जागा.

गाडी लावली एका वावराच्या धुऱ्यावर, अंधारात. आत गेलो तर सोफ्यांवर आधीच दुसरे बसलेले. पावती नाही, हाताला पट्टी नाही, कोण्या पुढाऱ्याची माणसं. मी आयोजकांच्या पोराला विचारलं, "काहून भाऊ, पैसे देल्ले ना आमी?" तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "ॲडजस्ट करून घ्या जी." माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसांना मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, त्याही पाचच. दोघं पूर्ण वेळ उभे.

आणि गरम जेवण? मध्यंतरात एकेक समोसा, गारढोण. कागदी प्लेट इतकी पातळ की तेलानं तळच फाटला, आणि समोसा त्यातल्या एका काकांच्या नव्या पांढऱ्या धोतरावर. डाग कोणाला दिसू नये म्हणून काका त्यावर हात ठेवून बसले. वरून मलाच म्हणतात, "राहू दे बापू, काही नाही होत." अरे, काही कसं नाही होत! माझे पाहुणे आहेत ते!

पाण्याची 20 ची बाटली 40 ला. पावतीत पाणी लिहिलं होतं ते कुठं गेलं, याला उत्तर नाही. छापील किमतीच्या वर विकायचं नाही, हा सरकारी नियम आहे.

मी फुटबॉल लहानपणापासून पाहतो. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड संघाच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 1965 लाच खासगी बॉक्स, म्हणजे असेच व्हीआयपी कक्ष झाले. 2000 साली त्याच संघाचा कर्णधार रॉय कीन मैदानावरच्या अशाच बड्या पाहुण्यांवर भडकला होता, की कोळंबीचं सँडविच खाता आणि मैदानावर काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही. माझी माणसं तर खेळ पाहायलाच आली होती, त्यांना तोही पाहू दिला नाही. दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला तेव्हा समोर रेषेजवळ मोबाइल धरून तीसेक जण उभे. गोल कोणी मारला, आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही.

13 डिसेंबर 2025 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर हेच झालं. हजारो रुपये भरून आलेल्यांना मेस्सी धड दिसला नाही, कारण पुढारी आणि मोठी माणसं त्याला घेरून होती. लोकांनी खुर्च्या फेकल्या. फेकणं चूकच, पण तो राग मला आता कळला.

दुसऱ्या दिवशी पावती घेऊन गेलो. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणे. पुढच्या वर्षी नाही. माझे 10,500 आत्ता परत द्या, आणि काकांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागा.