चायनीज तैपेईच्या मॅचला मी नव्हतो

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर एकाने क्लिप टाकली. भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्रीने घालवलेला एक सोपा चान्स, आणि खाली ‘आजोबा, आता तरी पुरे’. लगेच दहा-बारा जण खिदळले. यातल्या एकानेही भारताची एक मॅच पूर्ण पाहिलेली नाही, पैजेवर सांगतो.

मी तरी कुठला मोठा लागून गेलो? १ जून २०१८, अंधेरीचं स्टेडियम, भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. मित्राकडे जादा तिकीट होतं. मी म्हटलं, कोण जातंय एवढ्या लांब! घरी लोळत स्कोअर बघत बसलो. पाच-शून्य, छेत्रीची हॅटट्रिक. आणि बघायला माणसं किती? २,५६९.

दुसऱ्या दिवशी छेत्रीचा तो व्हिडिओ आला. शिव्या घाला, टीका करा, पण स्टेडियममध्ये या. देशाच्या कॅप्टनने असे हात जोडायचे? मला तर तोंड लपवावंसं वाटलं. ४ तारखेला केनियाविरुद्ध गेलो. त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, स्टेडियम खचाखच, त्याचे दोन गोल. शेजारी एक काका नातीला घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, परवाही आला होतात का? मी म्हटलं, हो तर!

आता म्हणे चाळिशीतला माणूस निवृत्तीनंतर परत का आणला. अहो, मार्च २०२५ मध्ये तो हौस म्हणून आला का? दुसरा नऊ नंबर, म्हणजे मधोमध उभा राहून गोल करणारा, नव्हता म्हणून बोलावला, आणि आल्या आल्या मालदीववर गोलही केला. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, गोल करायला परदेशी माणूस आणायचा आणि आपल्या पोराला विंगेवर, म्हणजे कडेला, ढकलायचं. बंगळुरूच्या क्लबात व्हेनेझुएलाचा मिकू असताना खुद्द छेत्री डावीकडून खेळायचा, तिथे विशीतल्या पोराला मधोमध कोण उभं करणार? ऐंशी मिनिटं बॉल येत नाही आणि आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं, हे बेंचवर बसून शिकता येतं का?

ठीक आहे, समोर बऱ्याचदा नेपाळ, मालदीव असायचे. गोलांच्या आकड्यावरून मेस्सीशी केलेली तुलना मलाही पटत नाही. पण २००९ मध्ये इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबने घेतलेला हा माणूस वर्क परमिटवर अडकला, कारण भारताचं फिफा रँकिंग पहिल्या सत्तरात नव्हतं. त्यात त्याची काय चूक?

जाऊ दे. ग्रुपवर हे सगळं लिहिलं आणि पुसलं. कुणीतरी विचारलं असतं, तू किती मॅचना गेलास रे?

६ जून २०२४ ला, कुवेतविरुद्धच्या त्याच्या निरोपाच्या मॅचनंतर, तो रडला तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. शून्य-शून्य. आणि मला आठवत होती ती काकांची नात. मी ‘हो तर’ म्हटल्यावर तिने विचारलं होतं, मग तिसरा गोल कसा मारला त्याने?

मी पावसाकडे बघत म्हटलं, डोक्याने.

खरं काय ते अजूनही पाहिलेलं नाही.