गर्भनिरोधक गोळ्या आणि ‘तिप्पट’ आत्महत्या: खुलासा

‘गर्भनिरोधक गोळ्यांमुळे आत्महत्या तिप्पट होतात, आजच बंद करा’ असा संदेश फिरतो आहे. आकडा खरा आहे, पण अर्धवट. तो आला डेन्मार्कमधल्या २०१७ च्या अभ्यासातून, आणि तो फक्त गोळ्यांचा नाही, हार्मोन असलेल्या सगळ्याच गर्भनिरोधकांचा आहे. त्या अभ्यासात ४,७५,८०२ स्त्रियांची सरासरी आठ वर्षे नोंद ठेवली गेली. त्यांत आत्महत्या झाल्या ७१. मुळात अगदी लहान असलेला धोका तिप्पट झाला, तरी लहानच राहतो. शिवाय हा निरीक्षणात्मक अभ्यास, म्हणजे प्रयोग नव्हे, फक्त नोंदी पाहिलेल्या. आत्महत्यांमागचं कारण गोळीच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तरी हसण्यावारी नेऊ नका. आत्महत्येच्या प्रयत्नांचा धोका किशोरवयीन मुलींमध्ये आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांच्या आसपास जास्त दिसला. गोळी सुरू केल्यावर ‘मी कुणाच्याच कामाची नाही’ असं वाटू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. पर्याय आहेत.