‘पाणी वाढवा, पिल्लं वाढतील’ या मेसेजला उत्तर

कोंबडीपालनाच्या गटागटांतून सध्या एक ‘खात्रीशीर उपाय’ फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: घरच्या इनक्युबेटरमधून (अंडी उबवायच्या पेटीतून) निम्मीच पिल्लं निघतात कारण ओलावा कमी पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ट्रे पाण्याने भरलेला ठेवा, अंड्यांवर रोज पाणी शिंपडा. डिस्प्लेवर 37.5 दिसलं की तापमानाची चिंता सोडा. एकविसाव्या दिवशी पिल्लू आलं नाही तर टरफल फोडून काढा. एवढं करूनही अंडी राहिली तर ती बिनबीजाची होती, विकणाऱ्याला धरा.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो पाण्याचा सल्ला, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून अंड्यातलं पाणी उडून जावं लागतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 11 ते 13 टक्के घटलं पाहिजे. 45 ग्रॅमचं गावरान अंडं तेव्हा 39-40 ग्रॅमवर यायला हवं. उडालेल्या पाण्याच्या जागी रुंद टोकाकडे हवेची पोकळी वाढते. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग टरफल टोचतं. पाणी गेलंच नाही तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगतं, आणि पूर्ण वाढून आतच गुदमरतं.

आता हिशेब बघा. जुलैत रत्नागिरी-सिंधुदुर्गात खोलीत 27 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता ही रोजचीच. हीच हवा पेटीत 37.5 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप 47 टक्क्यांच्या आसपास उतरते. पहिले अठरा दिवस आपल्याला हवी असते 45 ते 55. म्हणजे ट्रेमध्ये थेंबही न घालता काम झालेलं आहे, आणि हा मेसेज वाचून लोक त्यात तांब्याभर पाणी ओततात. एप्रिलात नागपूर-चंद्रपूरकडे उलटं चित्र असतं. 40 अंश आणि 20 टक्क्यांची हवा आत गेली तर आर्द्रता जेमतेम 23 टक्के राहील. तिथे पाणी हवंच, एवढं त्या मेसेजचं खरं. पण तिथे त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. पेटीत हीटर असतो, कूलर नसतो. दुपारी खोली 42 वर गेली की थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं बटण) हीटर बंद करून गप्प बसतो आणि अंडी खोलीबरोबर तापतात. तासाभराच्या लोडशेडिंगने सहसा काही बिघडत नाही, खुडूक कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ दाणा टिपायला उठतेच. जास्तीची उष्णता मात्र काही तासांत गर्भ मारते. विदर्भात उन्हाळी बॅच लावायचीच असेल तर घरातली सगळ्यात गार खोली शोधा.

शिंपडण्याबद्दल एवढंच, की कोंबडीच्या अंड्याला त्याची गरज नाही. ओल्या टरफलातून जंतू आत शिरायला सोपं जातं. अंडी धुणं त्याच कारणाने वाईट.

डिस्प्लेवरचे 37.5 म्हणजे सेन्सर जिथे आहे तिथलं तापमान. घरी बनवलेल्या थर्माकोलच्या पेट्यांत डब्ल्यू-1209 या थर्मोस्टॅटच्या सेन्सरची वायर बरेचदा हीटर म्हणून लावलेल्या बल्बशेजारीच लोंबत असते. मग बल्बपाशी 37.5 आणि कोपऱ्यातल्या अंड्याला 36. पंखा असलेल्या पेटीत 37.5 ते 37.7 बरोबर. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असे थर होतात, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर 38.3 ते 38.8 लागतं. तपासायला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर पुरे. कपभर कोमट पाण्यात तो आणि पेटीचा सेन्सर शेजारी-शेजारी बुडवा, फरक समोर दिसेल. आर्द्रतामापकही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-दोन थेंब पाण्याने ओलसर करा, मापकासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काटा 75 वर हवा. स्वस्तातले मापक दहा-दहा टक्क्यांनी खोटं बोलतात आणि आपण त्यांच्या भरवशावर ट्रे भरत बसतो.

एकविसाव्या दिवशी फोडायचं म्हणे! पहिली चीर पडल्यावर पिल्लू दिवसभर थांबू शकतं. त्या वेळात बलक पोटात ओढला जातो, आतल्या पडद्यातलं रक्त अंगात परततं. घाईने सोललंत तर रक्त येतं, बेंबी उघडी राहते. शेवटचे तीन दिवस आर्द्रता 65-70 हवी, आणि झाकण उघडायचं नाही. दर वेळी उघडलं की ओलावा निघून जातो आणि पडदा चामड्यासारखा पिल्लाला आवळतो. ओलावा कोंडायला हवेची भोकं बुजवू नका, याच दिवसांत पिल्लांना ऑक्सिजन सर्वाधिक लागतो.

राहिला विकणारा. त्याला धरण्याआधी सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी बघा. आत काहीच दिसत नसेल तर बीज नाही, किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. रक्ताची गोल कडी दिसली तर बीज होतं आणि मेलं. दुकानातल्या लेअर फार्मच्या (फक्त खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या) अंड्यांत बीज नसतंच, तिथे कोंबडा ठेवत नाहीत. 30 अंड्यांत 6 कोरी निघाली आणि उरलेल्या 24 मधून 18 पिल्लं आली, तर सरसकट 60 टक्के, पण बीज असलेल्यांतली 75 टक्के. त्या 6 अंड्यांबद्दल विकणाऱ्याशी बोला. मेलेल्या 6 अंड्यांची चौकशी आधी घरात करा. अंडी किती दिवस साठवली होती? आठवड्याच्या पुढे पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरत जातं. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर 32 अंशांत ठेवलेलं अंडं अर्धवट वाढू लागतं आणि मरतं. 15 ते 18 अंश, टोकदार बाजू खाली, ही साठवणीची रीत. फ्रिज फारच गार.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून बघणं. वास मारतो, तोंडाला रुमाल बांधा. पिल्लू पूर्ण वाढलेलं, ओलं, फुगलेलं, पोकळी लहान: पाणी जास्त झालं. पोकळी मोठी, पिसं पडद्याला चिकटलेली: कोरडं पडलं. चोच टोकदार बाजूला: अंडं उलटं ठेवलं होतं. जी बाहेर आली त्यांच्याकडेही बघा. एकोणीस-विसाव्या दिवशीच आली आणि बेंब्या उघड्या असतील तर पेटी जास्त तापत होती. बाविसावा-तेविसावा दिवस उजाडला तर कमी. ओली आणि कोरडी दोन्ही एकाच बॅचमध्ये निघाली तर पुढच्या वेळी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने रांग लिहा, आणि मेलेली सगळी एकाच कोपऱ्यातली निघाली तर पंखा कुठे वारा फेकतो ते बघा.