ब्रायन मे यांची डॉक्टरेट मानद नाही

कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी शिक्षण अर्धवट सोडलं, नावापुढचं ‘डॉक्टर’ मानद आहे, तेव्हा पोरांनो, डिग्रीच्या मागे लागू नका.

यातलं अर्धंच खरं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मे यांनी तिथंच ग्रहांमधल्या धुळीवर संशोधन सुरू केलं. टेनेरिफ बेटावरच्या वेधशाळेत स्वतः निरीक्षणं घेतली. १९७४ च्या सुमारास बँडचा जम बसला आणि प्रबंध बाजूला पडला. पण तीसहून अधिक वर्षांनी त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं, मधल्या काळातलं संशोधन वाचून काढलं आणि २००७ मध्ये, साठाव्या वर्षी, प्रबंध सादर करून रीतसर पीएचडी मिळवली. हर्टफर्डशायर विद्यापीठानं २००२ मध्ये दिलेली मानद पदवी वेगळी. बहुधा घोळ तिथंच झालाय.

त्यांची गिटार महागडी, परदेशातून मागवलेली होती, असंही त्या मेसेजमध्ये म्हटलंय. साफ चूक. १९६३ पासून बापलेकांनी ती घरीच घडवली. दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला, म्हणजे सूर वरखाली हलवणाऱ्या यंत्रणेला, मोटारसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा! कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या पोरांना याचं मोल सांगायला नको. त्याच गिटारीवर त्यांनी पुढं अख्खी कारकीर्द गाजवली.

गिटार शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हा मेसेज आला असेल, तर तो पुढं न पाठवता हा खुलासा पाठवा.